हिवाळी अवकाळी (बेळगाव सीमाभाग)

पावसाची नक्षत्रे सरल्यानंतर, साधारण दिवाळीपासून शिमग्यापर्यंत, समुद्रातल्या वादळांमुळे किंवा कमी दाबाच्या पट्ट्यांमुळे बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी या भागांत पडणारा पाऊस, क्वचित होणारी गारपीट आणि त्यासोबत येणारा गारठा. चैत्र-वैशाखातल्या वळवाहून हा पाऊस वेगळा आहे. वळीव उन्हाच्या तडाख्याने दुपारनंतर उठतो, तास-दोन तासांत बरसून जातो आणि नांगरटीसाठी त्याची वाटही पाहिली जाते. हिवाळी अवकाळी दोन-दोन, तीन-तीन दिवस रेंगाळते, ऊन पडू देत नाही, आणि भाताच्या पट्ट्यात ती कोणालाच नको असते.

बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे, तरी येथे बर्फ पडत नाही. हिमवादळ या मुलखाने पाहिलेले नाही. इथल्या हिवाळी वादळाचा घाव पाण्याने आणि ओल्या थंडीने बसतो. पाऊस किती पडला यापेक्षा त्या दिवशी शिवारात काय उघड्यावर होते, यावर नुकसान ठरते. जुलैत दिवसभरात शंभर मिलिमीटर पाऊस झाला तरी भातकरी समाधानी असतो. नोव्हेंबरात त्याच्या पाव हिश्श्याने घरचे वर्षाचे धान्य नासते.

कारणे

नैर्ऋत्य मोसमी वारे ऑक्टोबरात या भागातून माघार घेतात. त्यानंतर बंगालच्या उपसागरात कमी दाबाची क्षेत्रे तयार होतात आणि पश्चिमेकडे सरकत तमिळनाडू किंवा आंध्रच्या किनाऱ्यावर येतात. जमिनीवर आल्यावर त्यांचा जोर ओसरतो, पण ढगांचा पसारा दख्खनचे पठार ओलांडून बेळगावपर्यंत पोचतो. कधी कधी तीच प्रणाली अरबी समुद्रात उतरून पुन्हा बळ धरते. अरबी समुद्रातच उठलेली वादळे बहुधा ओमान, येमेन किंवा गुजरातच्या दिशेने निघून जातात. मात्र गोवा-कारवारच्या किनाऱ्याजवळून सरकताना ती भरपूर बाष्प घाटमाथ्यावर लोटतात. फेब्रुवारी-मार्चमधल्या गारपिटीचे कारण निराळे. उत्तरेकडच्या पश्चिमी विक्षोभाबरोबर (पश्चिमेकडून सरकत येणाऱ्या हिवाळी कमी दाबाच्या प्रणालीबरोबर) वरच्या थरात थंड हवा खाली दक्षिणेपर्यंत उतरते, पूर्वेकडून आलेल्या दमट वाऱ्याशी तिची गाठ पडते आणि उंच ढग उभे राहतात.

भारतीय हवामानशास्त्र विभाग वाऱ्याचा वेग ताशी ६२ किलोमीटरपर्यंत गेला की त्या प्रणालीला चक्रीवादळ म्हणतो. बेळगावात इतका वारा फार क्वचित येतो. सुगी बुडायला त्याची गरजही नसते. बारसे न झालेला एखादा कमी दाबाचा पट्टासुद्धा पुरतो. म्हणूनच वादळांच्या नावांवरून इथल्या नुकसानीचा अंदाज बांधू नये.

ढगाळ दिवसांत दुपारचे तापमान एकदम उतरते, रात्र मात्र उबदार राहते. खरी थंडी आभाळ निवळल्यावर पडते: उत्तरेची कोरडी हवा, भिजलेली जमीन आणि पहाटेचे दाट धुके. शेतकऱ्याला पाऊस गेल्याचा आनंद होतो त्याच सकाळी रोग-किडींचा खरा फैलाव सुरू होतो.

मोठी वर्षे

२००९ च्या सप्टेंबरअखेरीस आणि ऑक्टोबरच्या पहिल्या दोन दिवसांत उपसागरातल्या प्रणालीने उत्तर कर्नाटकावर जो पाऊस पाडला, त्यात राज्यात दोनशेहून अधिक माणसे दगावली. बागलकोट, विजापूर, रायचूर, गदग या कोरड्या जिल्ह्यांना आणि बेळगाव जिल्ह्याच्या पूर्व भागाला त्याची झळ सर्वाधिक बसली. जाड मातीच्या भिंती आणि माळवदाची (मातीच्या सपाट छपराची) घरे उन्हाळ्यासाठी बांधलेली असतात. तीन दिवस पाणी मुरल्यावर ती माणसांवर बसली. कारवारजवळ २ ऑक्टोबरला दरड कोसळून एक वस्ती गाडली गेली. हिवाळा अजून लांब होता, पण पुढच्या सगळ्या अवकाळींची यंत्रणा हीच आहे, म्हणून तिचा उल्लेख इथे हवा. त्याच वर्षी ११ नोव्हेंबरला 'फयान' चक्रीवादळ कोकण किनाऱ्याने वर जाऊन अलिबाग-मुंबईच्या दरम्यान जमिनीवर आले. ऐन भातकापणीचे ते दिवस होते.

२०१४ च्या फेब्रुवारीअखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत महाराष्ट्र आणि उत्तर कर्नाटकात लागोपाठ गारपीट झाली. २०१९ तर सीमाभाग विसरणार नाही. ऑगस्टमध्ये कृष्णा, घटप्रभा, मलप्रभा, मार्कंडेय या नद्यांच्या महापुराने पहिले पीक नेले होते. त्यातून जे उभे राहिले, त्यावर दिवाळीत 'क्यार'चा पाऊस आला. २००७ च्या 'गोनू'नंतर अरबी समुद्रातले हे पहिले महाचक्रीवादळ. ते ओमानकडे वळले, त्याच्या मागोमाग 'महा' उठले आणि एकाच वेळी अरबी समुद्रात दोन वादळे दिसली. ऑक्टोबर २०२० मध्ये काकीनाड्याजवळ जमिनीवर आलेली प्रणाली तेलंगण, कलबुर्गी, सोलापूर असा प्रवास करत अरबी समुद्राकडे गेली. भीमेला तिने मोठा पूर आणला.

२०२१ चा नोव्हेंबर कर्नाटकात जवळजवळ पावसाळ्यासारखा गेला. डिसेंबरच्या पहिल्या दोन दिवसांतल्या पावसात आणि थंडीत शेजारच्या पश्चिम महाराष्ट्रात शेकड्यांनी मेंढ्या काकडून मेल्या. पुढच्याच वर्षी ९ डिसेंबरच्या रात्री मामल्लपुरमजवळ आलेल्या 'मंदूस' चक्रीवादळाच्या उरल्यासुरल्या ढगांनी कर्नाटकात रिमझिम आणि बोचरी थंडी आणली.

भाताची सुगी

बेळगाव आणि खानापूर तालुक्यांत भातकापणी ऑक्टोबरच्या अखेरीपासून डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत चालते. कापलेले भात खुंटांवर मुठी-मुठीने पसरून तीन-चार दिवस उन्हात वाळवतात, मग पेंढ्या बांधून गंजी घालतात आणि सवडीने मळणी करतात. सगळा धोका त्या तीन-चार दिवसांत असतो. उभ्या भाताला पावसाने झोडपले तर ते आडवे पडते, पण लोंबी निदान काही बोटे वर असते. कापून पसरलेल्या भाताची लोंबी थेट चिखलात बसते. येळ्ळूर, वडगाव, शहापूरकडच्या काळ्या जमिनीत पाणी चटकन जिरत नाही, बळ्ळारी नाला तुंबला तर ते शिवारातून हटतही नाही. तिसऱ्या दिवशी मूठ उचलली की दाण्याच्या टोकाला पांढरा कोंब दिसतो. मग घरातली सगळी माणसे, शाळेतून आलेली मुलेसुद्धा, भिजलेल्या मुठी एकेक उचलून बांधावर उलथत बसतात.

एवढे करून हाती आलेल्या भाताचे गिरणीत तुकडे होतात, तांदूळ पिवळसर पडतो आणि व्यापारी भाव पाडतो. बेळगावचा बासमती आणि इंद्रायणी हे सुवासासाठी घेतले जाणारे तांदूळ. कुबट वास लागला की त्यांना साध्या तांदळाचाही दर मिळत नाही. नुकसानीच्या पंचनाम्यात हमखास सुटणारी गोष्ट म्हणजे पिंजर, म्हणजे भाताचा पेंढा. उन्हाळाभर म्हशींची वैरण तीच असते, आणि काळी पडलेल्या पिंजराला जनावर तोंड लावत नाही. दुभत्या जनावरांवर चालणाऱ्या घराला हा फटका फेब्रुवारीनंतर जाणवतो, जेव्हा पाहणीला आलेला माणूस कधीच परत गेलेला असतो.

चांगली रचलेली गंजी हा यावरचा जुना आणि अजूनही सगळ्यात भरवशाचा उपाय. लोंब्या आत, बुडखे बाहेर, आणि बुडखे किंचित खाली झुकलेले, म्हणजे पाणी आत न शिरता बाहेरच्या बाहेर निथळते. वर पिंजराची निमुळती टोपी. अशी गंजी पाऊस सोसते. पण गंजी घालणारे हात गावोगाव कमी होत चालले आहेत, मळणी यंत्र येईपर्यंत ढिगावर ताडपत्री टाकली जाते, आणि ताडपत्रीखाली ओले भात तापून कुजते. हे कौशल्य मोडू देणे सीमाभागाला परवडणारे नाही.

भातानंतर त्याच वाफ्यांत जमिनीच्या ओलीवर मसूर, वाटाणा, हरभरा पेरतात. पेरणीनंतर लगेच जोराचा पाऊस आला तर बी कुजते. फुलोऱ्यात आभाळ राहिले तर फूल गळते आणि मावा पडतो. खानापूरच्या डोंगराळ भागात काजूच्या मोहोरावर ढगाळ हवेत ढेकण्या या किडीचा उपद्रव वाढतो, आंब्यावर तुडतुडे आणि भुरी येते.

पूर्व भाग

जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला कणकुंबीजवळ मलप्रभा उगम पावते आणि तिथे पावसाळ्यात पाऊस धो धो कोसळतो. पूर्वेला अथणीकडे वर्षाचा पाऊस त्याच्या कितीतरी पट कमी. त्यामुळे एकच अवकाळी एकाच जिल्ह्यात दोन तऱ्हेने भेटते. 'पडतील स्वाती, तर पिकतील माणिक-मोती' ही स्वाती नक्षत्राच्या पावसावरची म्हण काळ्या रानात शाळू (रब्बी ज्वारी) पेरणाऱ्याची आहे. अथणी, रायबागकडे दिवाळीच्या सुमाराचा एक पाऊस शाळवाला जीवदान देतो. त्याच दिवशी सत्तर-ऐंशी मैलांवर खानापूरचा भातकरी आभाळाकडे हताशपणे पाहत असतो. द्राक्षबागा मात्र पूर्वेलाही सुटत नाहीत: ऑक्टोबर छाटणीनंतरच्या ओल्या हवेत डाऊनी (केवडा) रोग येतो आणि फवारणीचा खर्च आटोक्यात राहत नाही.

निपाणीची तंबाखू जानेवारी-फेब्रुवारीत काढून उन्हात वाळवतात. पानावरचा चिकट थर हाच तिचा कस, आणि एका सरीने तो धुऊन जातो. १९८१ मध्ये याच निपाणीत तंबाखू उत्पादकांनी शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली भावासाठी मोठे आंदोलन केले होते. एवढ्या कष्टाने मागितलेला भाव शेवटी पानाच्या प्रतीवर मिळतो, म्हणून माघातल्या ढगांची इथे इतकी धास्ती असते.

उघड्यावर राहणारे

शेती नसलेल्यांचे हाल नोंदींत कमीच येतात. ऊसतोड मजूर ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून फडाजवळ खोपी घालून राहतात. पावसात फडात ट्रॅक्टर रुततो, तोड थांबते, मजुरी थांबते, आणि लहान लेकरांसह ओल्या जमिनीवर रात्र काढावी लागते. वीटभट्टीवर रांगांनी मांडलेल्या कच्च्या विटा पाण्याने विरघळून पुन्हा माती होतात. विटांच्या नगावर पैसे घेणाऱ्या कुटुंबाची आठवड्याची मेहनत त्यात जाते. धनगरांचे कळप भाताच्या रिकाम्या वावरांत खतासाठी बसवायला पश्चिमेकडे आलेले असतात. घोंगडी भिजली तरी माणसाला ऊब देते, पण नुकत्याच लोकर कातरलेल्या मेंढीला आणि कोकराला आडोसा लागतो, आणि उघड्या शिवारात तो नसतो.

भरपाई

राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या निकषांनुसार पिकाचे ३३ टक्के किंवा त्याहून अधिक नुकसान झाले तर मदत मिळते. २०१५ पूर्वी ही अट ५० टक्क्यांची होती. मर्यादा दोन हेक्टरांची. २०२१ च्या नोव्हेंबरातील हानीनंतर बेळगावात भरलेल्या विधिमंडळ अधिवेशनात मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांनी कोरडवाहू पिकांसाठी हेक्टरी ६,८०० रुपयांऐवजी १३,६०० रुपये जाहीर केले. प्रधानमंत्री पीक विमा योजनेत, कापून शेतात वाळत टाकलेल्या पिकालाही कापणीनंतर १४ दिवसांपर्यंत अवकाळीचे संरक्षण आहे, मात्र ७२ तासांत कळवावे लागते. भाताच्या पट्ट्यासाठी ही तरतूद सोन्यासारखी आहे, पण पाऊस चालू असताना, वीज गेलेली असताना, भिजलेल्या मुठी उलथायच्या सोडून तीन दिवसांत तक्रार नोंदवणे किती जणांना जमेल? अर्ज आणि सूचना बहुतांशी कन्नडमध्ये असल्याने मराठी गावांतल्या वयस्कर शेतकऱ्याला रयत संपर्क केंद्रात (कृषी खात्याच्या स्थानिक कार्यालयात) कोणाला तरी सोबत न्यावे लागते. भागाने जमीन कसणाऱ्याचे नाव उताऱ्यावर नसते, त्यामुळे तो बहुतेक वेळा वगळलाच जातो.

चंदगड तालुका १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यातच होता. आज तो कोल्हापूर जिल्ह्यात, महाराष्ट्रात आहे. भाताच्या जाती, सोयरिकी आणि अवकाळीचे ढग दोन्हीकडे एकच; पंचनामा, दर आणि मदतीची तारीख मात्र दोन राज्यांची वेगवेगळी. कर्नाटकाच्या आपत्ती निरीक्षण केंद्राने ग्रामपंचायतनिहाय स्वयंचलित पर्जन्यमापक बसवले आहेत आणि 'वरुण मित्र' ही चोवीस तास चालणारी दूरध्वनी सेवा ठेवली आहे. कापणीचा दिवस ठरवण्याआधी तिथे विचारून घेणे सीमाभागातल्या शेतकऱ्याला शक्य आहे, आणि मराठीतून उत्तर मिळण्याची सोय झाली तर तिचा उपयोग कितीतरी वाढेल.