बंदूक जमा करा, टॅक्स वाचवा

बंदूक सरकारजमा करा आणि टॅक्समध्ये सूट मिळवा, अशी स्कीम ऐकली की आधी हसूच येतं, म्हणजे टॅक्स वाचवायच्या ८०सी कलमात एलआयसी, पीपीएफ आणि त्याच्याखाली रायफल. पण अमेरिकेत असं बिल खरंच आलं होतं. डिसेंबर २०१२ मध्ये कनेक्टिकट राज्यातल्या न्यूटाऊनला सँडी हूक शाळेत २० लहान मुलं आणि ६ मोठी माणसं गोळीबारात गेली, आणि पुढच्याच महिन्यात त्याच राज्याच्या खासदार रोझा डिलॉरो यांनी बिल मांडलं की जो आपली असॉल्ट रायफल स्वतःहून पोलिसांकडे जमा करेल त्याला २ हजार डॉलरपर्यंत टॅक्स क्रेडिट, तेही दोन वर्षांत अर्धं अर्धं. बिल काही पास झालं नाही. पण ह्यात अर्थशास्त्र आहे, मानसशास्त्र आहे आणि माणसाची लबाडीपण आहे, म्हणून मला तो किस्सा आवडतो.

आधी क्रेडिट म्हणजे काय ते बघू. ८०सी ची सूट (जुन्या टॅक्स पद्धतीत) उत्पन्नातून वजा होते, त्यामुळे दीड लाख गुंतवले तर ३० टक्केवाल्याचे ४५ हजार वाचतात आणि २० टक्केवाल्याचे ३० हजार (सेस सोडून द्या). क्रेडिट मात्र थेट टॅक्सच्या रकमेतून वजा होतं, म्हणून सगळ्यांना सारखं. सगळ्यांना म्हणजे ज्यांना टॅक्स भरावा लागतो त्या सगळ्यांना. ज्याचा टॅक्सच शून्य, त्याला सरकार उरलेली रक्कम रिफंड म्हणून हातात देत नसेल तर त्या क्रेडिटचं काय लोणचं घालायचंय? शिवाय रोख पैसे मिळणार असतील तर संध्याकाळी खिशात नोटा, इथे पुढच्या वर्षी रिटर्न भरल्यावर फायदा, तोसुद्धा नाव-पत्त्यासकट. चोरीचं पिस्तूल कमरेला खोचून फिरणारा माणूस त्यासाठी रिटर्न भरायला बसेल का, तुम्हीच सांगा.

खरी गोम अशी आहे की स्वखुशीच्या स्कीममध्ये कुठली बंदूक येणार हे देणारा ठरवतो. दिवाळीत दुकानदार 'जुना मिक्सर द्या, नव्यावर सूट घ्या' म्हणतो तेव्हा आपण ओट्यावरचा चालू मिक्सर नेतो का? माळ्यावरचा, मोटर जळालेला, तोच शोधून काढतो. बंदुकांचंही अगदी तसंच होतं. बाल्टिमोर शहराने १९७४ मध्ये बंदुकीमागे ५० डॉलर दिले आणि १३ हजारांहून जास्त बंदुका गोळा केल्या, पण शहरातला गोळीबार काही कमी झाला नाही. अमेरिकेतल्या अनेक शहरांच्या अशा मोहिमांचा आकडेवारीनिशी अभ्यास २०२१ मध्ये आला, त्यातही बंदुकीच्या गुन्ह्यांवर परिणाम झाल्याचा पुरावा सापडला नाही. आणि सापडणार तरी कसा, देशात माणसांपेक्षा बंदुका जास्त, ३९ कोटींच्या वर असा अंदाज आहे, त्यातल्या एका शहराने काही हजार काढल्या म्हणजे समुद्रातून तांब्याभर पाणी काढलं.

लबाडीचं म्हणाल तर तिला तोटा नाही. १९०२ मध्ये व्हिएतनाममधल्या हनोईत तिथल्या फ्रेंच सरकारने मारलेल्या उंदराच्या शेपटीमागे पैसे द्यायला सुरुवात केली, तर लोकांनी शेपट्या कापून उंदीर सोडून दिले, म्हणजे पुढची पिल्लावळ तयार, काहींनी तर चक्क उंदीर पाळले. ह्याचीच नवी आवृत्ती २०२२ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या युटिका शहरात निघाली, बक्षीस देऊन बंदुका जमा करायच्या मोहिमेत एक माणूस थ्रीडी प्रिंटरवर छापलेले बंदुकीचे ६० प्लास्टिकचे सुटे भाग घेऊन आला आणि २१ हजार डॉलरची गिफ्ट कार्डं घेऊन गेला! बक्षीस वस्तूच्या खर्चापेक्षा जास्त ठेवलं की लोक ती वस्तू बनवायलाच लागतात.

ऑस्ट्रेलियाने मात्र नेमकं उलटं केलं, टॅक्स कमी करायच्या ऐवजी वाढवला. २८ एप्रिल १९९६ ला टास्मानियात पोर्ट आर्थरला ३५ माणसं मारली गेली, आणि पंतप्रधान जॉन हॉवर्ड यांच्या सरकारने सेमी-ऑटोमॅटिक (प्रत्येक गोळीनंतर पुढची आपोआप भरणाऱ्या) रायफली आणि बऱ्याच शॉटगनवर बंदी घातली, त्या बाजारभावाने विकत घेतल्या, आणि पैसा उभा करायला लोकांच्या उत्पन्नावरचा मेडिकेअर (म्हणजे सरकारी आरोग्य योजनेचा) कर एका वर्षासाठी दीड टक्क्यावरून १.७ टक्के केला. सुमारे साडेसहा लाख बंदुका आल्या, देशातल्या साधारण पाचवा हिस्सा. इथे द्यायची की नाही हा चॉइसच नव्हता, त्यामुळे माळ्यावरच्याच नाही तर चालू बंदुकापण आल्या, आणि तशीच परत विकत घ्यायची सोय बंद.

परिणाम कुठे दिसला? आपण गुंड, टोळ्या ह्यांचाच विचार करत बसतो, पण अर्थतज्ज्ञ अँड्र्यू ली (हे पुढे तिथले खासदारही झाले) आणि क्रिस्टीन नील यांनी २०१० मध्ये राज्याराज्यांची तुलना केली तेव्हा जिथे जास्त बंदुका गेल्या तिथे बंदुकीने होणाऱ्या आत्महत्या जास्त घटलेल्या दिसल्या, त्यांच्या हिशोबाने जवळपास ८० टक्के घट. काही संशोधक म्हणतात की घसरण आधीपासूनच सुरू होती, तो वाद अजून चालू आहे. पण मुद्दा पटण्यासारखा आहे. अमेरिकेतसुद्धा बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंत निम्म्याहून जास्त आत्महत्याच असतात. तो वाईट क्षण टळला की बहुतेक माणसं पुढे जगतात, आणि बंदूक हाताशी असली की टळायला वेळच मिळत नाही. म्हणून मग व्हर्जिनिया राज्याने बंदुकीचा नाद सोडून तिच्या कुलुपाला हात घातला, बंदूक ठेवायची तिजोरी घेतली तर ३०० डॉलरपर्यंत टॅक्स क्रेडिट.

आपल्याकडे २०१९ मध्ये कायदा बदलून परवान्यावर तीनऐवजी दोनच हत्यारं ठेवता येतील असं ठरलं आणि जास्तीचं जमा करायला एक वर्ष दिलं, सूटबीट काही नाही. कोकणातल्या बागायतदाराला तर बंदूक जमा करायची सवयच आहे, निवडणूक लागली की शेतीसंरक्षणाची बंदूक पोलिस ठाण्यात न्या म्हणून सांगतात, आणि नेमकी तेव्हाच माकडं आणि डुकरं बागेत धुमाकूळ घालतात. त्याला उद्या कुणी टॅक्स क्रेडिट देऊ केलं तरी तो हसेल, शेतीच्या उत्पन्नावर इन्कम टॅक्स मुळात आहेच कुठे.