आजी, चमच्याने जेवता येतं का?

आमच्या आत्याचं दुखणं सुरू झालं ते ब्लाउजच्या हुकांपासून. हुक दिसायचा, पण बोटांना तो धरता यायचा नाही. मग लसूण सोलता येईना, देवाच्या वाती वळता येईनात. चालताना म्हणायची, "कापसावर पाय पडल्यागत वाटतंय." आम्ही वयावर ढकललं, एका डॉक्टरांनी मधुमेहावर. पुढे एका तरुण डॉक्टरीणबाईंनी तिला मूठ भराभर उघडायला-मिटायला सांगितली आणि घड्याळ लावलं. धडधाकट हाताला दहा सेकंदांत साधारण वीस वेळा जमतं. आत्याची गाडी आठवर थांबली.

मानेतल्या चकत्या झिजतात, मणक्यांच्या कडांना हाडाचे काटे फुटतात, मागचे अस्थिबंध जाड होतात. मज्जारज्जूची वाट मानेत एरवी सतराएक मिलिमीटर रुंद असते. ती 13 च्या खाली गेली की डॉक्टर तिला अरुंद म्हणतात. दबलेल्या मज्जारज्जूच्या या दुखण्याचं नाव सर्व्हायकल मायलोपथी. शस्त्रक्रियेने वाट मोकळी होते, पण दबून दुखावलेला मज्जारज्जू पूर्ववत होईलच असं नाही. बरेचदा 'आणखी बिघडू न देणं' हेच मोठं यश असतं. म्हणूनच एमआरआयवर जागा मोकळी दिसली, तरी माणसाला कितपत बरं वाटतंय ते वेगळं मोजावं लागतं.

ते मोजायचं कसं? जपानच्या अस्थिरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 1975 साली 17 गुणांची एक मोजपट्टी काढली. त्यात हाताचे गुण ठरायचे ते चॉपस्टिक्सने जेवता येतं की नाही यावर. कल्पना झकास होती, कारण दोन काड्यांत भाताचं शीत धरणं ही बोटांची कडक परीक्षा आहे. पण अमेरिकेत ती चालणार कशी? 1991 मध्ये एडवर्ड बेन्झेल आणि सहकाऱ्यांनी काड्या काढून शर्टाची बटणं आणि चमचा आणला, आणि गुण झाले 18.

या दोन्ही पट्ट्यांवर गुण देणार डॉक्टर. रुग्णाने स्वतः भरायची प्रश्नावली जपान्यांनी 2007 मध्ये आणली. प्रश्न 24, विभाग पाच: मान, हात, पाय, लघवी आणि जीवनमान. प्रत्येक विभागाला 0 ते 100 गुण, आणि पाचांची बेरीज करायची नाही, ही अट मला फार शहाणपणाची वाटते. मान सुधारली म्हणून लघवीचा त्रास बेरजेत दडून जात नाही. चॉपस्टिक्सही गेल्या, आता विचारतात, चमच्याने किंवा काट्याने जेवता येतं का.

आता हे मराठीत आणायचं समजा. आत्या उत्तर देईल, "आम्ही चमच्याने जेवतच नाही." मग तिला शून्य द्यायचा, की प्रश्न रद्द धरायचा? तिच्या हाताची खरी कसोटी वरणभात कालवून घास उचलण्यात आहे.

त्याहून फसवा प्रश्न पाण्याचा आहे. मान दुखत असली तरी पेलाभर पाणी न थांबता पिता येतं का, असा तो साधा प्रश्न. भाषांतर करायला दोन मिनिटंसुद्धा लागणार नाहीत. पण आत्या भांडं ओठाला लावत नाही, वरून पिते. वरून पिताना मान पार मागे जाते, आणि मान मागे गेली की मज्जारज्जूची वाट आणखी आवळते. म्हणजे शब्द तेच राहिले आणि कसोटी अवघड झाली. पेला तोंडाला लावून पिणारी शेजारीण त्याच प्रश्नाला सहज 'हो' म्हणेल. पूर्वी गावोगावच्या पायल्या वेगळ्या असत, तसंच हे: नाव एक, माप निराळं.

वाकणं, गुडघे टेकणं हे प्रश्न मात्र आपल्याला लगेच जुळतात. जपानी माणसालाही जमिनीवर बसायची सवय आहे.

म्हणून अशा भाषांतराची एक ठरलेली वाट आहे. दोघे जण स्वतंत्रपणे मराठी करतात, मग त्यांचा मेळ घालतात. मूळ प्रश्न न पाहिलेले दुसरे दोघे ते उलट मूळ भाषेत नेतात. जाणकारांची समिती फरक तपासते. नंतर तीस-चाळीस रुग्णांना प्रश्न देऊन विचारतात, "यातून तुम्हाला काय कळलं?" माझ्या मते खरा कस याच पायरीवर लागतो. उलट भाषांतरात 'उदासीन' शब्द बिनबोभाट पार होईल. पण कुणी त्याचा अर्थ 'कशाचं काही न वाटणारा' असा घेतो, कुणी 'दुःखी' असा. आत्या यातलं काहीच म्हणत नाही. ती म्हणते, "कशात जीव रमत नाही." बधिरपणाचंही तसंच. कुणाला मुंग्या येतात, कुणाचा हात जड पडतो, कुणाची नुसती आग होते.

शब्द बसले की आकड्यांची पाळी. तीच माणसं आठ-पंधरा दिवसांनी पुन्हा प्रश्नावली भरतात. दुखणं तेवढंच असेल, तर गुणही जवळपास तेवढेच यायला हवेत. मधलं अंतर फार कमी ठेवलं तर माणूस जुनी उत्तरं आठवून लिहितो, फार ठेवलं तर दुखणंच बदललेलं असतं. एका विभागातले प्रश्न एकाच दिशेने बोलतात का, हे क्रोनबाख अल्फा या आकड्यावरून पाहतात. तो 0.7 च्या वर असावा, पण 0.95 च्या पुढे गेला तर खूश व्हायचं कारण नाही. एकच प्रश्न दोनदा विचारला गेल्याचा संशय घ्यायचा. डॉक्टरांच्या 18 गुणांच्या पट्टीशीही ताळा घेतात. तिथे मेळ हवा, पण तंतोतंत नको. तंतोतंत जुळलं तर रुग्णाला वेगळं विचारून मिळवलं काय? शेवटी शस्त्रक्रियेच्या आधीचे आणि नंतरचे गुण पाहतात. जपानी प्रश्नावलीत एखाद्या विभागात 20 गुणांची वाढ झाली तर उपचार लागू पडला असं धरतात. मराठी प्रश्नावलीला तो बदल टिपता येतो का, हे नव्याने दाखवावं लागतं.

आणि प्रश्न वाचून कोण दाखवणार, हेही आधी ठरवावं लागतं. आत्याला चष्मा लावूनही बारीक अक्षर दिसत नाही. तिचा मुलगा शेजारी बसून मोठ्याने वाचत होता. लघवी आपोआप होते का, रात्री किती वेळा उठावं लागतं, या प्रश्नांना ती मान खाली घालून "नाही, काही नाही" म्हणाली. तो चहा आणायला गेला. सिस्टरने तेच प्रश्न हळू आवाजात पुन्हा विचारले, तेव्हा आत्या म्हणाली, "चार वेळा उठते गं. आणि कधीकधी पोहोचेपर्यंत राहवत नाही."