अवरोधक पेप्टाइड (घ्राणग्राही संशोधन)

अवरोधक पेप्टाइड : प्रतिपिंड (अँटिबॉडी) नेमक्या कोणत्या ॲमिनो आम्लक्रमाला चिकटते, हे तपासण्यासाठी वापरायचे कृत्रिम पेप्टाइड, म्हणजे ॲमिनो आम्लांची छोटी साखळी. येथे विचार घ्राणग्राहींच्या, म्हणजे वास ओळखणाऱ्या प्रथिनांच्या, संशोधनातील वापराचा आहे. लांबी साधारणतः १० ते २० ॲमिनो आम्ले. ज्या क्रमाचे पेप्टाइड प्राण्याला टोचून प्रतिपिंड मिळवले, त्याच क्रमाचे पेप्टाइड भरपूर प्रमाणात प्रतिपिंडात आधी मिसळून ठेवतात व ते मिश्रण ऊतकाच्या छेदावर घालतात. शेजारच्या छेदावर तेच प्रतिपिंड नुसते घालतात. प्रतिपिंड चिकटेल तेथे रंग उमटावा, अशी सोय केलेली असते. मिश्रणाच्या छेदावर रंग उमटला नाही, तर प्रतिपिंड चाचणीत उतरले असे समजतात.

या पद्धतीला ‘अवशोषण नियंत्रण’ असेही म्हणतात आणि तिचे मूळ कास्तेलानी यांच्या १९०२च्या सुमाराच्या समूहन-अवशोषण चाचणीत (समूहन म्हणजे प्रतिपिंडांमुळे जिवाणूंच्या गुठळ्या होणे) शोधण्याचा प्रघात आहे. मात्र तेथे प्रतिपिंडे जिवाणूंना चिकटवून द्रवातून काढून टाकली जात. येथे पेप्टाइड द्रावणातच राहते आणि प्रतिपिंडाच्या बंधनजागा अडवते. त्यामुळे लांडश्टायनर यांच्या हॅप्टेन-रोधन प्रयोगांशी (लहान मोकळे रेणू, म्हणजे हॅप्टेन, मिसळून प्रतिपिंडाचे बंधन रोखणे) तिचे नाते जोडणे अधिक सयुक्तिक वाटते. हव्या त्या क्रमाची पेप्टाइडे सुलभ झाली ती मेरिफील्ड यांनी १९६३मध्ये मांडलेल्या घनाधार संश्लेषणामुळे (घन कणांवर एकेक ॲमिनो आम्ल जोडत साखळी बांधण्याची पद्धत).

घ्राणग्राहींची जनुके बक व ॲक्सेल यांनी १९९१मध्ये वर्णिली. उंदरात ती हजाराच्या आसपास, तर माणसात कार्यक्षम अशी सुमारे ४०० आहेत. प्रथिने एकमेकांशी इतकी मिळतीजुळती, की तिसऱ्या पटलपार खंडाच्या (पेशीपटलातून आरपार जाणाऱ्या भागाच्या) टोकाशी असलेला ‘एमएवायडीआरवायव्हीएआयसी’ (ॲमिनो आम्लांच्या एकाक्षरी खुणांत लिहिलेला) हा क्रम थोड्याफार फरकाने बहुतेकांत आढळतो. त्यावरून प्रतिपिंड बनवल्यास ते कोणा एका ग्राहीचे राहत नाही. म्हणून कमी जुळणारे भाग निवडावे लागतात.

चाचणीची खरी मर्यादाही येथेच आहे. दुसऱ्या ग्राहीत तसाच तुकडा असेल, तर त्याच्यावरचा रंगही पेप्टाइडामुळे नाहीसा होतो. प्रतिपिंड त्या क्रमाला चिकटते एवढेच सिद्ध होते. ऊतकात रंगलेले प्रथिन कोणते, हे नाही. सेपर व सॉचेंको यांनी २००३मध्ये हा आक्षेप ठामपणे मांडला, आणि तो मान्य करावा असाच आहे. उलट बाजूने, पेप्टाइड वाहक प्रथिनाला (प्रतिपिंडे चांगली तयार व्हावीत म्हणून वापरलेल्या मोठ्या प्रथिनाला) जोडून टोचले असल्यास रक्तद्रवात वाहकाविरुद्धची प्रतिपिंडेही असतात. मोकळे पेप्टाइड त्यांना अडवत नाही. क्रम विस्कटलेले पेप्टाइड सोबत वापरल्यास निष्कर्ष थोडा बळकट होतो. नॉकआउट उंदराची (ज्यात त्या ग्राहीचे जनुक निकामी केले आहे अशा उंदराची) ऊतके मात्र कितीतरी अधिक निर्णायक.

नाकात आणखी एक कसोटी आपसूक मिळते. प्रत्येक घ्राण-चेतापेशीत सामान्यतः एकच ग्राही व्यक्त होतो. त्यामुळे विशिष्ट प्रतिपिंडाने श्लेष्मकलेत (नाकाच्या आतल्या अस्तरात) विखुरलेल्या मोजक्याच पेशी रंगायला हव्यात, व त्यांचे अक्षतंतू (संदेश वाहून नेणारे लांब धागे) घ्राणकंदातील, म्हणजे मेंदूच्या वासाशी संबंधित भागातील, ठरावीक गुच्छिकांत (चेतातंतूंच्या गोल झुबक्यांत) पोचायला हवेत. ग्राही-प्रथिने अक्षतंतूंच्या टोकांवरही असतात, हे २००४मध्ये दोन गटांनी स्वतंत्रपणे दाखवले, तेही प्रतिपिंडांच्याच साहाय्याने.

वृषण, शुक्रपेशी अशा घ्राणेतर ठिकाणी ही शारीर कसोटी उपलब्ध नसते. तेथे संदेशक आरएनएचा (त्या ग्राहीच्या जनुकाची प्रत पेशीत बनते, याचा) पुरावा जोडूनच प्रतिपिंडाचा रंग ग्राह्य धरतात.