एल्क कुणाचा? अमेरिकेतल्या शिकारीच्या टॅगमागची पार्श्वभूमी

टॅग म्हणजे एक जनावर मारण्याची परवानगी देणारी कागदाची एक पट्टी. जनावर पडले की तिच्यावरचा महिना आणि तारीख कापून खाच पाडायची, सही करायची आणि ती मांसाला बांधायची. हे सगळे घाईत, थंडीने आखडलेल्या बोटांनी आणि रक्ताळलेल्या हातांनी करावे लागते, म्हणून अनुभवी शिकारी छोटा चाकू, पेन आणि दोरीचा तुकडा टॅगसोबतच प्लास्टिकच्या पिशवीत ठेवतात. वेळ वाचावा म्हणून सही आधीच करून ठेवण्याचा मोह होतो, पण कोलोराडोसारख्या राज्यात तसे केले तर टॅगच बाद.

ही पट्टी मिळवायला काही जण वीस वर्षे थांबतात. अमेरिकेच्या पश्चिमेकडची राज्य सरकारे एल्क (सांबरासारखे मोठे हरीण), म्यूल हरीण, प्राँगहॉर्न, मूस, बिगहॉर्न मेंढा यांच्या शिकारीचे कोटे ठरवतात, अर्ज मागवतात आणि सोडत काढतात. म्हाडाच्या सोडतीत नशीब अजमावणाऱ्यांना यातली धाकधूक वेगळी सांगायला नको. मात्र प्रत्येक राज्याची सोडत निराळी असते. कुठे जुन्या अर्जदाराला आधी मान, कुठे सगळे सारखे, कुठे गाईड केला तर टॅगचा वेगळा गठ्ठा. नियमपुस्तिका वाचताना हा नुसता गोंधळ वाटतो. तो एकाच प्रश्नावरच्या भांडणांतून साचत गेला आहे: जंगलातला एल्क कुणाचा?

इंग्लंडात शिकारीचा हक्क राजाचा आणि जमीनदाराचा होता. अमेरिकेत हा प्रश्न न्यायालयात गेला तो चक्क कालवांवरून, म्हणजे शिंपल्यातल्या ऑयस्टरवरून. न्यू जर्सीच्या खाडीतली कालवे काढण्याचा खास हक्क राजाच्या जुन्या सनदेने आपल्याला मिळाला आहे, असा एका जमीनदाराचा दावा होता. 1842 साली सर्वोच्च न्यायालयाने मार्टिन विरुद्ध वॉडेल या खटल्यात तो फेटाळला: भरतीच्या पाण्याखालची जमीन आणि तिथली मासेमारी राज्याकडे आहे, ती लोकांच्या वतीने विश्वस्त म्हणून. पुढे 1896 च्या गीअर विरुद्ध कनेक्टिकट खटल्यात हेच तत्त्व शिकारीच्या पक्ष्यांना लागू झाले. राज्याच्या मालकीची ती भाषा न्यायालयाने 1979 मध्ये मागे घेतली, पण जनावरांचा कारभार राज्याकडेच राहिला. जमीन तुमची असली तरी तिच्यावर चरणारा एल्क तुमचा होत नाही. आजच्या सोडतीचे मूळ इथे आहे.

दरम्यान जनावरेच संपत आली होती. कातडी आणि मांसाचा बाजार भरण्यासाठी एकोणिसाव्या शतकात बेसुमार कत्तल झाली. 1889 साली प्राणितज्ज्ञ विल्यम हॉर्नडे यांनी केलेल्या मोजदादीत साऱ्या उत्तर अमेरिकेत हजाराच्या आसपास बायसन (तिकडचे रानगवे) उरले होते. 1887 मध्ये थिओडोर रूझवेल्ट आणि जॉर्ज बर्ड ग्रिनेल यांनी शिकाऱ्यांचा बून अँड क्रॉकेट क्लब काढला. 1900 च्या लेसी कायद्याने बेकायदा मारलेल्या जनावरांची राज्याबाहेर विक्री हा केंद्रीय गुन्हा ठरला. बाजार बंद झाला, हंगाम आणि परवाने आले.

पैशाची घडी बसली ती 1937 च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने. लांब नळीच्या बंदुका आणि काडतुसांवरचा उत्पादन कर (आज 11 टक्के) वन्यजीवांच्या कामासाठी राज्यांकडे जाऊ लागला. अट एक: परवान्यांतून आलेला पैसा राज्याने दुसरीकडे वळवायचा नाही. वाटणी होते ती राज्याचे क्षेत्रफळ आणि परवानाधारकांची संख्या पाहून. अॅरिझोना किंवा नेवाडात सोडतीचा नुसता अर्ज करायलाही आधी परवाना विकत घ्यावा लागतो, टॅग लागो न लागो. बाहेरचा माणूस याला लूट म्हणतो. पण त्या परवान्याची फी राज्याला मिळते आणि परवानाधारकांच्या यादीत एक नावही वाढते.

आता बाहेरचा माणूस. एल्क राज्यातल्या लोकांचा, तर शेजारच्या राज्यातून येणाऱ्याला किती द्यायचा आणि कितीला? मोंटानात 1976 साली स्थानिकाला एल्कचा परवाना 9 डॉलरना मिळे. बाहेरच्याला एल्कसाठी 225 डॉलरचा एकत्रित परवानाच घ्यावा लागे. पंचवीस पट. एक आउटफिटर (गाईड, घोडे, तळ पुरवणारा व्यावसायिक) आणि बाहेरचे काही शिकारी न्यायालयात गेले आणि 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयात हरले. न्यायालयाचे म्हणणे असे की एल्कची शिकार हा विरंगुळा आहे, प्रत्येक राज्याने परक्याला समान द्यावा असा मूलभूत हक्क नव्हे. सगळ्या राज्यांना दराची मोकळीक मिळाली.

पुन्हा ठिणगी पडली अॅरिझोनात. तिथे नर एल्कचे आणि उत्तर कैबाब भागातल्या हरणांचे जास्तीत जास्त 10 टक्के टॅग बाहेरच्यांना मिळत. 2002 मध्ये पश्चिमेकडच्या राज्यांसाठीच्या केंद्रीय अपील न्यायालयाने (नववे सर्किट) या मर्यादेने आंतरराज्य व्यापाराला बाधा येते असे मानले, आणि पुढे मर्यादा रद्दही झाली. राज्ये हादरली. 2005 मध्ये अमेरिकी संसदेने (काँग्रेसने) कायदाच केला की स्थानिक आणि बाहेरचे यांच्यात शिकारीबाबत फरक करण्याचा राज्यांना अधिकार आहे. हे कलम गेले लष्करी खर्चाच्या पुरवणी विधेयकात बसून. तेव्हापासून बाहेरच्यांचा वाटा आक्रसतोच आहे. वायोमिंगने 2023 पासून मूस, बिगहॉर्न मेंढा, पहाडी बकरा यांसारख्या जनावरांचे 90 टक्के टॅग स्थानिकांना राखले. ज्यांनी मूस आणि बिगहॉर्न मेंढ्यासाठी दहा-पंधरा वर्षे बाहेरून पैसे भरून पॉइंट (सोडतीत पुढे सरकवणारे, वर्षागणिक साठणारे गुण) जमवले होते, त्यांच्या पॉइंटांची किंमत एका दिवसात घसरली. पॉइंट ही मालमत्ता नाही. तो फक्त रांगेतला क्रमांक, आणि खिडकी कधी बंद करायची हे राज्याच्या हातात.

पॉइंट आले ते रांग न्याय्य व्हावी म्हणून. नुसत्या सोडतीत एकाला लागोपाठ दोनदा टॅग लागे, तर दुसरा दहा वर्षे कोरडा. उपाय दोन निघाले. प्रेफरन्स पॉइंटमध्ये ज्याच्याकडे जास्त पॉइंट त्याला आधी टॅग. कोलोराडोतल्या एल्क आणि हरणांचा कारभार असा चालतो. बोनस पॉइंटमध्ये जास्त पॉइंट म्हणजे भांड्यात जास्त चिठ्ठ्या. नेवाडा पॉइंटांचा वर्ग करून त्यात एक मिळवते: 10 पॉइंटवाल्याच्या 101 चिठ्ठ्या, नवख्याची 1. युटा दोन्हींची सांगड घालते, निम्मे टॅग सर्वाधिक पॉइंटवाल्यांना आणि निम्मे सोडतीने. आयडाहो आणि न्यू मेक्सिको पॉइंटांच्या भानगडीत पडलेच नाहीत. तिथे दरवर्षी पाटी कोरी. आज सुरुवात करणाऱ्याने पहिले अर्ज याच दोन राज्यांत करावेत, असे आमचे मत आहे.

कारण रांगेचे गणित बिघडले आहे. समजा, एका युनिटमध्ये (शिकारीसाठी आखलेल्या भागात) बाहेरच्यांसाठी 10 टॅग आहेत. 20 पॉइंटवाले 60 जण, 19 वाले 80, 18 वाले 100. वरचे 60 संपायला 6 वर्षे, त्यांच्यामागचे 80 संपायला आणखी 8. आज 18 पॉइंट असलेल्याची पाळी सुरू होते 14 वर्षांनी, आणि त्याच्या गटातला शेवटचा माणूस टॅग घेतो 24 वर्षांनी. या काळात दरवर्षी सगळ्यांचे पॉइंट एकाने वाढतात, म्हणून लागणारा आकडाही वर सरकतो. याला तिकडे ‘पॉइंट क्रीप’ म्हणतात. कोलोराडोच्या वायव्येकडची 2, 10 आणि 201 ही एल्कची युनिटे याची नेहमीची उदाहरणे. तिथे बाहेरच्याला वीसहून अधिक पॉइंट लागतात. नव्याने पॉइंट जमवणाऱ्याने ही तीन नावे यादीतून खोडावीत आणि दोन ते पाच पॉइंटांत लागणारी युनिटे शोधावीत.

अर्ज करताना पॉइंट वाया जातात ते बहुधा दोन ठिकाणी. पहिले, गटाने केलेला अर्ज. कोलोराडो गटातल्या सर्वांत कमी पॉइंटवाल्याचा आकडा धरते: तुमचे 15 आणि मित्राचे 2, तर गट 2 वर. वायोमिंग सरासरी काढते: 10 आणि 3 चे 6.5. दुसरे, पसंतीक्रम. कोलोराडोत पॉइंट खर्च होतात ते फक्त पहिल्या पसंतीचा टॅग लागला तर. म्हणून अनेक जण पहिल्या पसंतीला नुसत्या पॉइंटचा कोड टाकतात आणि सहज लागणारे युनिट दुसऱ्या पसंतीला देतात. पॉइंटही वाढतो, शिकारही होते. शिकारीच्या कोडमध्ये आठ खुणा असतात: जनावर, लिंग, तीन आकडी युनिट, दोन खुणांचा हंगाम, शेवटी हत्यार. युनिटमध्ये शून्य असते आणि नेहमीच्या रायफल हंगामांत इंग्रजी ‘ओ’ अक्षर. दोन्ही दिसायला सारखे, आणि अर्ज तिथेच फसतो.

कोलोराडोची मुदत एप्रिलच्या पहिल्या मंगळवारी संपते, मोंटानाची 1 एप्रिलला. वायोमिंगच्या एल्कसाठी बाहेरच्यांना फेब्रुवारीच्या सुरुवातीलाच अर्ज करावा लागतो, त्यामुळे दिवाळीनंतर तयारीला लागलेले बरे. न्यू मेक्सिको पूर्ण फी आधी घेते आणि टॅग लागला नाही की परत करते. कार्डाची मुदत मध्येच संपली तर काय होते ते सांगायला नको.

गाईड या सगळ्यात दोन वाटांनी शिरले. एक वाट सुरक्षिततेच्या नावाने. अलास्कात बाहेरच्याला तपकिरी अस्वल, डॉल मेंढा आणि पहाडी बकरा मारायचा तर परवानाधारक गाईड किंवा तिथला रहिवासी जवळचा नातेवाईक सोबत लागतो. वायोमिंगमध्ये केंद्राने ‘विल्डरनेस’ म्हणून राखलेल्या जंगलात बाहेरच्या शिकाऱ्याला मोठ्या जनावरासाठी गाईड किंवा स्थानिक सोबती हवाच. त्याच जंगलात गळ टाकायला किंवा फोटो काढायला जाणाऱ्याला एकट्याने जायला कुणी अडवत नाही. वाट चुकण्याचा धोका दोघांना सारखाच, म्हणून हा नियम धंद्याच्या रक्षणासाठी आहे अशी शंका कायम घेतली जाते, आणि ती अगदीच अनाठायी नाही.

दुसरी वाट कोट्याची. मोंटानात एकेकाळी 5,500 परवाने आउटफिटरच्या गिऱ्हाइकांसाठी बाजूला ठेवलेले असत. 2010 च्या नोव्हेंबरात मतदारांनी आय-161 हा प्रस्ताव मंजूर करून ते सर्वसाधारण सोडतीत टाकले आणि बाहेरच्यांचा एकत्रित परवाना 628 वरून 897 डॉलरवर नेला. त्यानंतरच्याच वर्षी न्यू मेक्सिकोने उलटे टोक गाठले: 84 टक्के टॅग स्थानिकांना, 10 टक्के आउटफिटरशी करार केलेल्यांना, 6 टक्के बाकीच्या बाहेरच्यांना. एक राज्य गाईडचा गठ्ठा मोडते आणि दुसरे तो कायद्यात लिहिते. न्यू मेक्सिकोत करार अर्जाच्या आधी झालेला असावा लागतो. टॅग लागल्यावर गाईड शोधून त्या 10 टक्क्यांत शिरता येत नाही.

आउटफिटर ठरवताना राज्याचा परवाना क्रमांक विचारावाच. शिकार राष्ट्रीय वनात असेल तर वन सेवेची विशेष वापर परवानगी कोणत्या हद्दीसाठी आहे हेही पाहावे. परवानगी एका खोऱ्याची आणि तळ दुसऱ्यात, असे निघाले तर पंचाईत शिकाऱ्याची होते. ज्यांना जनावर मिळाले नाही अशा गिऱ्हाइकांचे फोन नंबर मागावेत; ज्यांना मिळाले त्यांचे फोटो जाहिरातीत असतातच. दर माणशी गाईड आहे की दोघांत एक, मांस कोण कापणार, घोड्यासाठी वजनाची मर्यादा किती, हे करारात असावे. बुकिंगला साधारण निम्मी रक्कम आधी द्यावी लागते. टॅग लागला नाही तर ती परत मिळणार की पुढच्या वर्षी वळती होणार, हे एक वाक्य लिहून घेतले नाही तर पुढे कटकट अटळ.

मराठी माणसाचा या विषयाशी संबंध दोन बाजूंनी येतो. भारताच्या 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातही सुरुवातीला ‘बिग गेम’, ‘स्मॉल गेम’ अशा शिकार परवान्यांची तरतूद होती. 1991 च्या दुरुस्तीने ती गेली. म्हणजे कागदावर का होईना, मेळघाट असलेल्या आपल्या महाराष्ट्राच्या कायद्यातही ही भाषा एके काळी होती. दुसरी बाजू अमेरिकेत नोकरीला असलेल्यांची. एच-1बी सारख्या व्हिसावर असणाऱ्याला केंद्रीय कायद्याने बंदूक आणि काडतुसे बाळगायला मनाई आहे, पण कायदेशीर शिकार परवाना हातात असेल तर त्यात अपवाद आहे. म्हणजे आधी परवाना, मग बंदुकीला हात. ग्रीन कार्डवाल्यांना ही मनाई लागू नाही. अलास्कात अमेरिकेचा नागरिकही नाही आणि रहिवासीही नाही अशा परदेशी शिकाऱ्याला मूस, कॅरिबूसकट प्रत्येक मोठ्या जनावरासाठी गाईड लागतो. नोकरीसाठी राज्य बदलणाऱ्याने रहिवासाची मुदतही पाहावी: कोलोराडो सहा महिने, मोंटाना 180 दिवस, वायोमिंग पुरे वर्ष. मुदत भरण्याआधी स्थानिक म्हणून केलेला अर्ज हा गुन्हा आहे. हंटर एज्युकेशनचे प्रमाणपत्र कोलोराडोत 1 जानेवारी 1949 ला किंवा नंतर जन्मलेल्या प्रत्येकाला लागते.

टॅग लागला आणि एल्क पडला तरी हिशेब संपत नाही. हाडे काढून मोठ्या नराचे मांस शंभर किलोच्या आसपास भरते, म्हणजे पाठीवरून पाच-सहा फेऱ्या किंवा दोन खेचरे. लिंग ओळखता यावे इतका अवयवाचा भाग मांसाला जोडलेलाच ठेवावा लागतो. शिवाय कोलोराडोच्या फोर्ट कॉलिन्समध्ये 1967 साली प्रथम दिसलेल्या क्रॉनिक वेस्टिंग डिसीज या हरणवर्गीय जनावरांच्या रोगामुळे अनेक राज्ये मेंदू आणि पाठीचा कणा हद्दीत आणू देत नाहीत. शिंगांसह कवटी न्यायची असेल तर ती खरवडून साफ करून, आणि तपासणीसाठी मुंडके जमा करायचे असेल तर निघण्याच्या दिवसाआधी.