मत्स्यपेटीतील परजीवी रोग (ग्रामीण विदर्भ)

घरातल्या काचेच्या टाकीत पाळलेल्या शोभेच्या माशांच्या त्वचेवर, कल्ल्यांवर किंवा आतड्यात राहून त्यांच्यावर जगणाऱ्या जीवांमुळे होणारे रोग. हे जीव मुख्यतः तीन गटांतले : एकपेशीय आदिजीव, चपटे व गोल कृमी, आणि झिंग्या-खेकड्यांच्या कुळातले बारीक कवचधारी. विदर्भाच्या खेड्यांत फिश टँक दिसतो तो किराणा दुकानाच्या गल्ल्याशेजारी, एखाद्या दवाखान्यात किंवा घरात टीव्हीखालच्या कट्ट्यावर. गोल्डफिश, गप्पी, मॉली, एंजल हे त्यातले नेहमीचे रहिवासी. बरेच मासे कोलकाता किंवा चेन्नईकडच्या पैदास केंद्रांतून शहरातल्या दुकानात आणि तिथून पन्नीत (प्लास्टिकच्या पिशवीत) बसून एसटीने गावात येतात. एवढ्या प्रवासाने थकलेला मासा परजीवीला आयताच सापडतो.

या रोगांत सर्वांत जास्त गाठ पडते ती पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाशी. त्याचा कारक इक्थिओफ्थिरियस मल्टिफिलिस हा आदिजीव. १८७६ मध्ये फूके या फ्रेंच संशोधकाने त्याला हे नाव दिले. ‘पुष्कळ लेकरांची, माशाची ऊ’ असा त्याचा अर्थ. तो ऊ नव्हे, पण लेकरांबाबतचे वर्णन अचूक आहे. सुरुवातीला मासा टाकीतल्या दगडाला, हीटरच्या काचेला अंग घासून झटकन वळतो. एकदोन दिवसांत पंखांवर आणि पाठीवर रव्याचे कण चिकटल्यासारखे दिसतात. प्रत्येक कण म्हणजे त्वचेच्या आत शिरून पेशी खात बसलेला एकेक परजीवी. वरून त्वचेचे झाकण असल्याने पाण्यात टाकलेले औषध त्याच्यापर्यंत पोचत नाही. पोट भरले की तो त्वचा फोडून बाहेर पडतो, तळातल्या वाळूला किंवा वनस्पतीला चिकटून भोवती कोष करतो आणि आत विभागत जाऊन काही शे, कधी हजाराच्या वर पिल्ले सोडतो. ही पिल्ले पोहत मासा शोधतात. एकदोन दिवसांत मासा सापडला नाही तर मरतात. औषध लागू पडते ते याच पोहणाऱ्या पिल्लांना.

बहुतेक घरांत चूक होते ती इथेच. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ठिपके नाहीसे होतात, घरची मंडळी खूश होतात आणि औषध बंद पडते. प्रत्यक्षात ठिपके माशावरून उतरून वाळूत गेलेले असतात, आणि आठवड्याने चौपटीने परततात. उपचार किती दिवस चालवायचा ते ठिपके पाहून ठरवता येत नाही, ते पाण्याचे तापमान ठरवते. २४–२५° से.ला परजीवीचे चक्र साधारण आठवड्यात पुरे होते, १०° से.ला त्याला महिन्याहून जास्त लागतो, आणि ३०° से.च्या वर त्याच्या बहुतेक प्रकारांची वाढ थांबते. विदर्भाच्या हवेशी हे ताडून पाहिले की रोगाचा हंगाम उलगडतो. मे महिन्यात खोलीतल्या टाकीचे पाणी आपोआप तिशीच्या वर जाते आणि हा रोग मागे हटतो. डिसेंबर-जानेवारीत मात्र रात्रीचा पारा १० अंशांपर्यंत, कधी त्याखालीही उतरतो. टिनाच्या छपराखालच्या टाकीत दिवसा ऊब आणि पहाटे गारठा अशी ओढाताण होऊन माशाची प्रतिकारशक्ती खचते, आणि परजीवीचे चक्रही लांबते. उन्हाळ्यात दहा दिवसांत आटोपणारा उपचार पौषात हीटरशिवाय केला तर महिनाभर चालवावा लागतो. त्यामुळे औषधाच्या बाटलीआधी शंभर-दीडशे रुपयांचा थर्मामीटर घ्यावा, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

उपचारात हीटरने पाणी दिवसाला दोन-तीन अंश चढवत ३०° से.वर नेतात आणि जोडीला खडे मीठ देतात. प्रमाण लिटरला २ ग्रॅम. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टाकीत काठोकाठ सुमारे ५६ लिटर मावत असले तरी वाळू, दगड आणि वरची मोकळी जागा वजा जाता पाणी ४५ लिटरच्या आसपास असते. म्हणजे मीठ ९० ग्रॅम. ते वेगळ्या भांड्यात विरघळवून दिवसभरात तीन हप्त्यांत घालावे. पाणी वाफ होऊन उडते, मीठ उडत नाही. म्हणून आटलेली पातळी साध्या पाण्याने भरावी. १० लिटर पाणी बदलले तरच २० ग्रॅम मीठ नव्याने टाकावे. अकोला, अमरावती, बुलढाणा या जिल्ह्यांतल्या पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाण पट्ट्यात बोअरचे पाणी मुळातच खारे असते. तिथे हा हिशेब तसाच लावू नये. गप्पी-मॉली खारे पाणी सोसतात, पण खवले नसलेले मांजरमासे आणि पाणवनस्पती त्यात लवकर कोमेजतात.

मिठाने भागले नाही तर मॅलॅकाइट ग्रीन व फॉर्मॅलिन यांचे तयार मिश्रण वापरतात. फॉर्मॅलिन पाण्यातला प्राणवायू घटवते, आणि पाणी जितके गरम तितका त्यात प्राणवायू मुळातच कमी विरघळतो. दुपारच्या भारनियमनात एअर पंप बंद असताना हे औषध टाकणे म्हणजे माशांचा श्वास कोंडणे. लाइट गेलीच तर ग्लासभर पाणी वरून धारेने सोडत राहावे. कंटाळवाणे काम आहे, पण मासे तगतात. फिल्टरमधला कोळसा उपचारापुरता काढून ठेवावा, नाहीतर तो औषध शोषून घेतो. मॅलॅकाइट ग्रीन हातमोजे घालूनच हाताळावे आणि खायच्या माशांना कधीही देऊ नये.

गोल्डफिशच्या बाबतीत एक फसगत नेहमी होते. विणीच्या काळात नराच्या कल्ल्यांच्या झाकणावर आणि छातीच्या पंखांच्या पुढच्या कडेवर बारीक पांढरे पुरळ उठते. ते ओळीने, दोन्ही बाजूंना सारखे असते आणि अंगावर पसरत नाही. हा रोग नाही, त्याला औषध नको.

अंगावर सोनेरी-तपकिरी भुकटी शिंपडल्यासारखे दिसले तर तो मखमली रोग. त्याचा परजीवी काही अंशी प्रकाशावर जगतो, म्हणून औषधाबरोबर टाकीवर चादर टाकून अंधार करतात. ठिपका एकही नाही, पण मासा पृष्ठभागाशी येऊन धापा टाकतो आणि एक कल्ला मिटून धरतो, अशा वेळी कल्ल्यांवरच्या चपट्या कृमींचा संशय घ्यावा. या कृमींपैकी गायरोडॅक्टिलस पिल्ले देतो, डॅक्टिलोगायरस अंडी घालतो. अंड्यांवर औषध चालत नसल्याने दुसऱ्या प्रकारात प्राझिक्वांटेल या औषधाची मात्रा (लिटरला २ ते ३ मि.ग्रॅ.) काही दिवसांनी पुन्हा द्यावी लागते. गप्पीच्या गुदद्वारातून लाल धागे लोंबताना दिसले तर ते कॅमॅलानस हे गोल कृमी. त्यांच्यावर लेव्हामिसोल चालते. मात्र धापा टाकणारा प्रत्येक मासा परजीवीग्रस्त नसतो. पावसाळ्यात ग्रामपंचायत विहिरीत आणि गावच्या पाण्याच्या टाकीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकते. ते पाणी थेट भरले तर क्लोरीनने कल्ले भाजतात आणि लक्षणे हुबेहूब तशीच दिसतात. पाणी एक दिवस उघड्या भांड्यात ठेवावे किंवा सोडियम थायोसल्फेटचे थेंब टाकावेत.

कवचधारींपैकी नुसत्या डोळ्यांनी दिसणारे नेहमीचे परजीवी दोन. आर्गुलस ही माशाची ऊ चपटी, मसुराच्या डाळीएवढी आणि जवळजवळ पारदर्शक असते. ती माशाच्या अंगावर सरकत फिरते. लर्निया हा दोऱ्यासारखा जीव डोके मांसात रुतवून बसतो आणि त्याची शेपटी बाहेर लोंबते. ओल्या फडक्यात मासा धरून बारीक चिमट्याने तो अगदी मुळाशी पकडून ओढावा आणि जखमेवर पोव्हिडोन आयोडीनचा बोळा टेकवावा. आर्गुलसची मादी मासा सोडून काचेवर ओळीने अंडी चिकटवते. ती ब्लेडने खरवडली नाहीत तर दोन-तीन आठवड्यांत नवी पिढी निघते.

कापूस-सोयाबीनच्या गावात या उवांवर शेतातलेच कीटकनाशक थेंबभर टाकून पाहण्याचा मोह होतो. पूर्वी मत्स्यशेतीतही वापरली जाणारी डायक्लोरव्हॉस व ट्रायक्लोरफॉन ही द्रव्ये भारतात ३१ डिसेंबर २०२० पासून बंद आहेत, आणि घरात सहज सापडणारे सायपरमेथ्रिन माशांना अतिशय विषारी आहे. फवारणीला वापरलेली बादली तीनदा धुऊन पाणी बदलायला घेतली तरी टाकी रिकामी होऊ शकते. टाकीची बादली, मग आणि नळी वेगळी ठेवावी, तिच्यावर खुणेचा रंग लावावा.

परजीवी टाकीत आपोआप निपजत नाहीत, ते कशाच्या तरी अंगावरून येतात. नवा मासा दोन ते चार आठवडे वेगळ्या टबात ठेवणे हाच खरा बंदोबस्त. पन्नीतले पाणी टाकीत ओतू नये. बोडीतून (लहान तळ्यातून), तलावातून पकडलेली पिल्ले, शिंपले, गोगलगायी आणि शेवाळ टाकीत आणू नये. नालीतले लाल किडे हे माशांचे आवडते खाद्य खरे, पण त्यांच्यासोबत काय येईल याचा नेम नसतो. बागेतले गांडूळ धुऊन, बारीक करून दिलेले बरे. जाळी, दगड, नळी दोन दिवस कडक उन्हात वाळवली की त्यांवरचे कोष मरतात. विदर्भात उन्हाला तोटा नाही.

आजारी टाकीचे पाणी आणि कंटाळा आलेले मासे बोडीत नेऊन सोडण्याची पद्धत मात्र घातक आहे. आर्गुलस आणि लर्निया रोहू-कटल्यावरही तितक्याच जोमाने वाढतात. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोलीतील माजी मालगुजारी (पूर्वी जमीनदारांच्या मालकीच्या) तलावांत मासेमारी करणारी ढिवर कुटुंबे याच माशांवर पोट भरतात, आणि तलावाला काही हीटर लावता येत नाही की मीठ मोजून टाकता येत नाही. आजारी टाकीचे पाणी अंगणातल्या कोरड्या मातीत ओतावे. मेलेला मासा मातीत पुरून टाकावा. निदानाची शंका असेल तर जिवंत आजारी मासा त्याच टाकीच्या पाण्यात नागपूरच्या मत्स्य विज्ञान महाविद्यालयासारख्या ठिकाणी न्यावा. मासा मेल्यावर बरेचसे परजीवी काही तासांत त्याला सोडून जातात आणि सूक्ष्मदर्शकाखाली काहीच सापडत नाही.