जलस्रोतांतील प्रतिजैविके

माणसे, जनावरे आणि पिके यांच्यासाठी वापरलेल्या प्रतिजैविक (अँटिबायोटिक) औषधांचे अंश नद्या, तलाव व भूजलात उतरणे, हा जलप्रदूषणाचा एक प्रकार. जनावराच्या पोटात गेलेल्या औषधाचा बराच भाग जसाच्या तसा शेण-मुतातून बाहेर पडतो. टेट्रासायक्लिन हे प्रतिजैविक मातीला धरून बसते. सल्फा औषधे मात्र पाण्याबरोबर झिरपतात.

निरोगी जनावरांना रोज थोडे औषध चारण्याची चाल अमेरिकेतली. ऑरिओमायसिन हे प्रतिजैविक तयार करताना उरलेला चोथा खाऊन कोंबडीची पिल्ले जोमाने वाढतात, हे लेडर्ली कंपनीच्या प्रयोगशाळेत दिसले आणि १९५० नंतर ती पद्धतच पडली. वाढीसाठीचा हा वापर युरोपीय संघाने २००६ मध्ये थांबवला. भारताने कोंबड्या-जनावरांसाठी कोलिस्टिन या, माणसांसाठी शेवटचा उपाय म्हणून राखलेल्या प्रतिजैविकावर बंदी घातली ती २०१९ मध्ये.

महाराष्ट्रात गोठ्याइतकीच बागही पाहावी लागते. डाळिंबावरील तेल्या या जीवाणूजन्य रोगासाठी शेतकरी वर्षानुवर्षे स्ट्रेप्टोसायक्लिन फवारत आले. त्यात नऊ भाग स्ट्रेप्टोमायसिन, म्हणजे क्षयरोगावरचे पहिले प्रभावी औषध, आणि एक भाग टेट्रासायक्लिन असते. शेतीतून ही दोन्ही हद्दपार करण्याचा मसुदा केंद्र सरकारने डिसेंबर २०२१ मध्ये काढला. बाग हातची जाताना पाहणाऱ्याला नुसती बंदी सांगून भागत नाही, हेही खरे.

सर्वांत धक्कादायक आकडा मात्र शेतातला नाही, कारखान्यांचा आहे. हैदराबादजवळ पाटनचेरू येथे सुमारे ९० औषध कारखान्यांचे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या केंद्रातून बाहेर पडलेल्या पाण्यात लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक आढळले. स्वीडनचे संशोधक योआकिम लार्सन आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये ते प्रसिद्ध केले. औषध घेतलेल्या रुग्णाच्या रक्तातही एवढे प्रमाण नसते.

नळाच्या पाण्यात सापडणारे अंश सहसा याच्या तुलनेत नगण्य असतात. पेलाभर पाण्यातून औषधाची मात्रा पोटात जाते, ही भीती अनाठायी आहे. खरा धोका नदीच्या गाळात, मैलापाण्यात आणि खत टाकलेल्या मातीत आहे. तिथे मारून न टाकणाऱ्या मात्रेतही तग धरणारे जीवाणू निवडले जातात आणि प्रतिकाराची जनुके शेजारच्या, वेगळ्या जातीच्या जीवाणूंनाही देतात. क्लोरीन जंतू मारते, पण सगळी औषधे काढत नाही. त्यासाठी ओझोन किंवा सक्रिय कोळसा लागतो. स्वित्झर्लंडने २०१६ पासून निवडक मैलाशुद्धीकरण केंद्रांना असा जादा टप्पा सक्तीचा केला. भारतात औषध कारखान्यांच्या सांडपाण्यातील प्रतिजैविकांवर मर्यादा घालणारा मसुदा जानेवारी २०२० मध्ये आला होता. २०२१ च्या अंतिम अधिसूचनेत त्या मर्यादा नव्हत्या.