पार्श्वसंगीत आपल्याला काय दाखवतं?

एक मोठा त्रिकोण, एक लहान त्रिकोण, एक छोटा गोल आणि उघडझाप करणारं दार असलेली चौकट. १९४४ मध्ये हायडर आणि झिमेल या मानसशास्त्रज्ञांनी एवढ्याच ऐवजावर एक छोटी चित्रफीत बनवली. आकृत्या नुसत्या इकडून तिकडे सरकतात. तरी पाहणारे हमखास गोष्ट सांगू लागतात: मोठा त्रिकोण दांडगट आहे, धाकट्यांना छळतोय.

१९८८ मध्ये मार्शल आणि कोहेन या संशोधकांनी याच फितीला वेगवेगळं संगीत जोडून ती लोकांना दाखवली. संगीत बदललं तसं आकृत्यांबद्दलचं मतही बदललं. कोणती आकृती किती चपळ, किती जोरकस, याचं उत्तर वेगळं येऊ लागलं. हालचाली मात्र तसूभरही बदलल्या नव्हत्या! कोहेन यांच्या मते, ज्या आकृतीची हालचाल संगीताच्या लयीशी जुळते तिच्याकडे आपलं लक्ष आपोआप ओढलं जातं आणि संगीतातला भाव आपण तिलाच चिकटवतो. मला हा प्रयोग फार मोलाचा वाटतो. संगीत दृश्यावर भावनेचा मुलामा चढवतं, असं आपण समजतो. खरं तर कुणाकडे पाहायचं आणि त्याला काय समजायचं, हेच ते ठरवत असतं.

आठवणही यातून सुटत नाही. संदिग्ध प्रसंगांना प्रसन्न किंवा अशुभ संगीत जोडून मॅरिलिन बोल्ट्झ यांनी प्रेक्षकांची परीक्षा घेतली, तेव्हा संगीताच्या भावाशी जुळणाऱ्या वस्तू त्यांच्या जास्त लक्षात राहिलेल्या आढळल्या.

भीतीची मुळं तर आणखी खोल आहेत. स्वरयंत्रावर क्षमतेबाहेर ताण आला की स्वरतंतूंचं कंपन विस्कळीत होतं. आवाज फाटतो, खरखरतो, मध्येच उडी मारतो. जिवावर बेतलं की प्राणी असाच ओरडतो. मार्मोट या खारीच्या कुळातल्या प्राण्यांचा अभ्यास करणाऱ्या डॅनियल ब्लुमस्टाइन यांना पिल्लांच्या किंकाळ्यांत हेच आढळलं. मग त्यांनी आणि सहकाऱ्यांनी १०२ चित्रपटांतले गाजलेले प्रसंग तपासले. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात भयपटांमध्ये अशा खरखरीत किंकाळ्या अपेक्षेपेक्षा जास्त निघाल्या. नाट्यप्रधान चित्रपटांत खरखर कमी होती. 'सायको' या भयपटात (१९६०) संगीतकार बर्नार्ड हरमन यांनी फक्त तंतुवाद्यं वापरली. स्नानगृहातल्या खुनाच्या वेळी व्हायोलिन अक्षरशः किंचाळतात. दिग्दर्शक हिचकॉक यांना आधी तो प्रसंग संगीताविना हवा होता. हरमन यांची रचना ऐकल्यावर त्यांनी विचार बदलला.

पण संगीत न वाजवणं हीसुद्धा रचनाच असते. 'जॉज'मध्ये (१९७५) जॉन विल्यम्स यांनी शेजारशेजारच्या दोन खर्जातल्या सुरांवर शार्कची चाहूल बांधली. सूर आले की शार्क आला, हे नातं मेंदू चटकन शिकतो. पुढे दोन मुलं शार्कच्या पाठीवर असतो तसा खोटा पर लावून लोकांना घाबरवतात, तेव्हा ते सूर वाजतच नाहीत. समुद्रात पळापळ होते, पण संगीतकाराने इशारा दिलेला नसतो. हे नातं पक्कं झाल्यावर एका प्रसंगात खरा शार्क कुठलीही सुरावट न वाजता एकाएकी पाण्यातून डोकं वर काढतो. कानांच्या भरवशावर निर्धास्त बसलेला प्रेक्षक तिथे खुर्चीतून उडतो.